पाहुणचाराची मुदत

युद्धाच्या वणव्यातून जीव वाचवून आलेल्या परक्या माणसाला आपल्या देशात थारा द्यावा की नाही, या प्रश्नाला सामान्य जनतेचे उत्तर अनुदार असते, असे मानण्याचा प्रघात आहे. परंतु गेल्या शतकात लोकमताच्या ज्या मोजण्या झाल्या त्यांचे आकडे शेजारीशेजारी मांडून पाहिले, तर जनसामान्यांचे अंतःकरण इतके कोरडे असल्याचे दिसत नाही. आसरा देण्याला त्यांची सहसा हरकत नसते. हरकत निघते ती मुक्कामाच्या मुदतीवर. ज्याची परतीची वेळ ठरलेली आहे अशा आश्रितासाठी जे हात पुढे येतात तेच, तो आता येथेच राहणार असे कळताच, आखडले जातात. आणि युद्धाने ज्याचे घर, गाव, प्रसंगी देशसुद्धा हिरावून घेतलेला असतो त्याला परतीची वेळ सांगता येत नाही, हेच त्याचे मुख्य दुःख असते.

अमेरिकेचे उदाहरण या बाबतीत फार बोलके आहे. नोव्हेंबर १९३८ मध्ये जर्मनीत ज्यूंची प्रार्थनामंदिरे जाळण्यात आली, दुकाने फोडण्यात आली, आणि त्यानंतर लगोलग घेतलेल्या मतनोंदणीत या अत्याचारांचा निषेध करणारे अमेरिकन शेकडा ९४ निघाले. त्याच जनतेला, जर्मनीतून परागंदा होणाऱ्या ज्यूंपैकी अधिक जणांना अमेरिकेत वास्तव्यास येऊ द्यावे काय, असे विचारले तेव्हा मात्र सुमारे शेकडा ७२ जणांनी नकार दिला. पुढे जानेवारी १९३९ मध्ये प्रश्न केवळ दहा हजार निर्वासित मुलांचा होता, तरीही शेकडा ६१ लोक ‘नको’ म्हणाले. आता एप्रिल १९४४ ची मतनोंदणी पाहा. छळातून निसटलेल्यांना युद्ध संपेपर्यंत अमेरिकेच्या भूमीवर तात्पुरत्या छावण्यांत ठेवावे काय, असा प्रश्न अध्यक्षांच्या कचेरीच्या सांगण्यावरून गॅलप संस्थेने विचारला आणि शेकडा ७० जणांनी संमती दिली. युद्ध संपले, छळछावण्यांची छायाचित्रे वृत्तपत्रांतून आणि चित्रपटगृहांतून घरोघरच्या माणसांनी पाहिली, आणि त्यानंतर डिसेंबर १९४५ मध्ये, युरोपातून युद्धापूर्वी वर्षाला जितके लोक येत त्याहून अधिक येऊ द्यावेत काय असे विचारल्यावर होकार देणारे निघाले अवघे शेकडा ५. पूर्वीइतकेच येऊ द्यावेत म्हणणारे ३२, त्याहून कमी म्हणणारे ३७, आणि कोणीच नको म्हणणारे १४.

हे प्रश्न शब्दशः एकच नव्हते, त्यामुळे आकड्यांची सरळ वजाबाकी करणे अन्यायाचे होईल. तरीसुद्धा, मृत्यूच्या छायाचित्रांनी जे मन द्रवले तेच मन कायमच्या वास्तव्याची गोष्ट निघताच इतके आक्रसले, ही बाब डोळ्यांआड करता येत नाही. महामंदीतील बेकारीची आठवण ताजी होती, युद्धावरून लाखो सैनिक कामधंद्याच्या शोधात परत येत होते, घरांची टंचाई होती. या भयाला आधार नव्हता असे कोणी म्हणणार नाही. ज्यूद्वेषही होता, आणि तो लपलेला नव्हता.

एप्रिलच्या त्या शेकडा ७० अनुकूल मतांचे प्रत्यक्षात जे फळ निघाले ते एका लहानशा गावात पाहावयास मिळते. न्यूयॉर्क राज्यात, ऑन्टारिओ सरोवराच्या काठी, ओस्वेगो नावाचे गाव आहे. तेथील जुन्या लष्करी किल्ल्यात ऑगस्ट १९४४ मध्ये इटलीतून जहाजाने आणलेले ९८२ निर्वासित ठेवण्यात आले. युद्धाच्या धुमश्चक्रीत अमेरिकेने अशा रीतीने आपल्या भूमीवर आणलेला हा एवढाच जथा. युद्ध संपताच परत जाऊ, अशी कबुली त्यांच्याकडून आगाऊ सहीनिशी लिहून घेतलेली होती; कायद्याच्या दृष्टीने ते देशात दाखल झालेलेच नव्हते, केवळ अध्यक्षांचे अतिथी म्हणून किल्ल्यात राहत होते, आणि त्या किल्ल्याला तारेचे कुंपण होते. युरोपातील छावण्यांतून सुटून आलेल्या माणसांना स्वातंत्र्याच्या देशात पहिल्या दिवशी पुन्हा कुंपणच दिसले, तेव्हा त्यांच्या मनाचे काय झाले असेल, ते सांगण्याची आवश्यकता नाही.

पण त्या कुंपणातून वाट निघाली. सप्टेंबरमध्ये मुलांना गावातील शाळांत जाण्याची मुभा मिळाली, आणि ज्या मुलांना इंग्रजीचा गंध नव्हता ती वर्षभरात गावच्या मुलांच्या बरोबरीने वर्गात बसू लागली. पुढल्या वर्षी अमेरिकन संसदेची एक उपसमिती चौकशीसाठी आली, तेव्हा ओस्वेगोच्या नागरिकांनी आणि शिक्षकांनी, या माणसांना येथेच राहू द्यावे, अशा साक्षी दिल्या. राष्ट्राचे मत प्रतिकूल आणि ज्या गावाने त्यांना प्रत्यक्ष पाहिले त्या गावातून अनुकूल साक्षी, असे हे चित्र होते. सरकारी दप्तरात या लोकांना स्वदेशी पाठवण्याची तजवीज चालूच होती. परंतु २२ डिसेंबर १९४५ रोजी अध्यक्ष ट्रूमन यांनी त्यांना राहण्याची परवानगी जाहीर केली. कायद्याचा शिरस्ता पाळण्यासाठी जानेवारीत त्यांना बसमधून नायगाऱ्याजवळच्या पुलावरून कॅनडात नेण्यात आले, तेथे त्यांच्या हाती प्रवेशाचे परवाने देण्यात आले, आणि त्याच पुलावरून, या वेळी कायदेशीर रहिवासी म्हणून, परत आणण्यात आले. लोकमताची वाट पाहत राहिले असते तर ही माणसे त्या पुलावर कधीच पोहोचली नसती.

आपल्या मराठी मुलुखातही याच काळात असाच एक पाहुणचार घडून आला. कोल्हापूरपासून थोड्याच अंतरावर, मिरजेच्या लोहमार्गालगत वळिवडे गाव आहे. १९४३ मध्ये, करवीर संस्थानच्या हद्दीत असलेल्या या माळावर बराकींच्या रांगा उभ्या राहिल्या आणि त्यांत सुमारे पाच हजार पोलिश माणसे येऊन राहिली. त्यांत स्त्रिया आणि मुलेच अधिक होती. पूर्व पोलंडवर सोव्हिएत सैन्याने ताबा मिळवल्यावर १९४० आणि १९४१ साली ज्या लाखो लोकांना घरांतून उठवून सायबेरिया आणि कझाकस्तानकडे हद्दपार करण्यात आले, त्यांपैकी ही कुटुंबे. जर्मनीने रशियावर हल्ला केल्यानंतर राजकारणाचा पट उलटला, या हद्दपारांची सुटका झाली, पुरुष जनरल अँडर्स यांच्या सैन्यात दाखल झाले, आणि १९४२ मध्ये कास्पियन समुद्रावरून इराणात उतरलेल्या या सैन्याबरोबर जी बायकामुले आली त्यांना कोठे ठेवावे, हा प्रश्न ब्रिटिश सरकारपुढे पडला. नवानगरच्या जामसाहेबांनी, दिग्विजयसिंहजींनी, बालाचडी येथे अनाथ मुलांची व्यवस्था केली. पुढे ती छावणी बंद झाल्यावर तेथील कित्येक मुलेही वळिवड्यालाच आली.

वळिवड्यात पोलंडचे एक छोटे नगरच वसले. शाळा होत्या, रुग्णालय होते, प्रार्थनामंदिर होते, बालवीरांची पथके होती, नाटके होत. कोल्हापूरचे व्यापारी तेथे माल घेऊन जात, पोलिश मुले पंचगंगेवर पोहायला जात, आणि एखाद्या तरुणीने मराठी घरात लग्न करून येथेच संसार थाटला. त्या मुलांपैकी कित्येकांनी वृद्धापकाळी कोल्हापूरला येऊन आपल्या जुन्या वसतिस्थानाचे दर्शन घेतले. कोल्हापूरच्या महावीर उद्यानात त्यांच्या कृतज्ञतेचा स्तंभ उभा आहे आणि वॉर्सा शहरातही २०१७ पासून कोल्हापूरच्या नावाचे स्मारक आहे. हे सारे खरे आहे, आणि त्याचा अभिमान बाळगणे योग्यच आहे. मात्र एक गोष्ट प्रामाणिकपणे नमूद करावयास हवी. या आश्रितांचे येणे मुळातच युद्धकाळापुरते ठरलेले होते. त्यांच्या खर्चाचा भार लंडनस्थित पोलिश सरकारच्या नावे होता, त्यांना संस्थानातील जमिनीचा तुकडा किंवा गिरणीतील नोकरी द्यावयाची नव्हती, आणि ते एक दिवस जाणार हे सर्वांना ठाऊक होते. करवीरच्या रयतेला कोणी मत विचारले नव्हते आणि विचारण्याचा प्रसंगही आला नाही. ही माणसे कायमची राहणार आहेत, त्यांना कसायला रान द्या, असे दरबारने सांगितले असते तर रयतेने काय उत्तर दिले असते, याविषयी आपण फार निश्चिंत असू नये, असे मला वाटते.

युद्ध संपले तेव्हा त्यांच्या परतीच्या वाटेचाच लोप झाला होता. फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टा येथे पोलंडची पूर्व सरहद्द मागे सरकवण्यात आली, आणि वळिवड्यातील ज्या स्त्रियांना लुव्ह किंवा विल्नो या शहरांकडचे आपले घर आठवत होते त्यांची ती शहरे आता सोव्हिएत राज्यात गेली. जुलै १९४५ मध्ये ब्रिटनने लंडनमधील पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली. ज्यांचे पती इटलीतील मॉन्टे कॅसिनोच्या डोंगरावर ब्रिटिश सेनापतींच्या हुकमाखाली लढले, त्या स्त्रियांना आता सरकारही नव्हते आणि गावही नव्हते. हिंदुस्थान स्वतः सत्तांतराच्या उंबरठ्यावर उभा होता. १९४७ पासून १९४८ च्या आरंभापर्यंत वळिवडे रिकामे होत गेले. थोडे जण पोलंडला परतले, काहींची रवानगी आफ्रिकेतील छावण्यांत झाली, काही कॅनडा आणि ऑस्ट्रेलियाकडे गेले, आणि ज्यांचे पुरुष सैन्यात होते अशी बरीच कुटुंबे ब्रिटनला पोहोचली.

ब्रिटनमध्ये त्यांच्याविषयी लोकांचे काय मत होते? १९४० च्या उन्हाळ्यात लंडनच्या आकाशात पोलिश वैमानिकांनी जर्मन विमाने पाडली तेव्हा त्यांचे कौतुक झाले होते. चर्चिल यांनी फेब्रुवारी १९४५ मध्ये, आपल्या बाजूने लढलेल्या पोलिश सैनिकांना साम्राज्याचे नागरिकत्व देता येईल अशी आशा संसदेत बोलून दाखवली होती. परंतु १९४६ साली, ब्रिटिश सेनेच्या अधीन असलेल्या सुमारे दोन लाख पोलिश सैनिकांपैकी जे परत जाऊ इच्छीत नाहीत त्यांना राहू द्यावे काय, हा प्रश्न मतनोंदणीत आला, तेव्हा अर्ध्याहून अधिक जनतेने प्रतिकूल कौल दिला. भिंतींवर ‘पोलिश लोकांनो, घरी जा’ अशी वाक्ये उमटली. कामगार संघटनांच्या सभांतून, हे लोक मजुरी पाडतील, घरे बळकावतील, असे ठराव होऊ लागले, आणि डाव्या विचाराच्या मंडळींत तर, सोव्हिएत मित्रराष्ट्राला विरोध करणारे हे प्रतिगामीच असले पाहिजेत, असा समज दृढ होता. परराष्ट्रमंत्री बेव्हिन यांनी मार्च १९४६ मध्ये प्रत्येक पोलिश सैनिकाला, मायदेशी परत जा, असे आवाहन करणारे पत्र दिले. जूनमध्ये लंडनला विजयाचे महासंचलन झाले त्यात या सैन्याची पलटण नव्हती.

याच सुमारास ब्रिटिश राज्यकर्त्यांनी जे केले ते मला या सर्व प्रकरणातील सर्वांत विचारार्ह वाटते. मे १९४६ मध्ये पोलिश पुनर्वसन दलाची घोषणा झाली आणि लाखाहून अधिक सैनिक त्यात दाखल झाले. सैन्याची शिस्त कायम ठेवून त्यांना नागरी रोजगाराकडे वळवण्याचा हा मार्ग होता. २७ मार्च १९४७ रोजी पोलिश पुनर्वसन कायदा मंजूर झाला. निवृत्तिवेतन, गरजूंना साहाय्य, छावण्यांतील निवास, औषधोपचार, शिक्षण आणि परदेशी जाऊ इच्छिणाऱ्यांची पाठवणी, या सगळ्याची तरतूद त्या एका कायद्यात होती. लोकमताचा जो गाभा होता, म्हणजे भाकरी आणि छप्पर, त्यालाच सरकारने हात घातला. खाणकामगारांच्या संघटनेशी १९४७ च्या आरंभी करार झाला; पोलिश माणसाला खाणीत घेण्यापूर्वी स्थानिक शाखेची संमती घ्यावी आणि कपात करावी लागल्यास आधी त्यालाच काढावे, अशा त्याच्या अटी होत्या. या अटी मानहानीच्या होत्या, हे मी सौम्य शब्दांत सांगणार नाही. जो मनुष्य मॉन्टे कॅसिनोवर गोळ्यांच्या वर्षावात पुढे गेला त्याला, तू शेवटी आलास म्हणून पहिला जाशील, असे लिहून देणे क्लेशकारक आहे. आणि इतके करूनही कित्येक शाखांनी पोलिश हातांना खाणीत उतरू दिले नाही. मात्र त्याच हिवाळ्यात कोळशाअभावी कारखाने बंद पडले, दिवे मंदावले, आणि देशाला माणसांची गरज असल्याचे प्रत्येक चुलीपाशी समजले. लँकेशायर-यॉर्कशायरच्या कापडगिरण्या, वीटभट्ट्या, शेते, खाणी यांत ही माणसे कामाला लागली. त्यांची बायकामुले लष्कराने सोडलेल्या अर्धगोल पत्र्याच्या बराकींत, वळिवड्याहून किती तरी थंड हवेत, पुष्कळ वर्षे राहिली. १९५१ च्या शिरगणतीत पोलंडमध्ये जन्मलेले सुमारे १,६२,००० लोक ब्रिटनमध्ये नोंदले गेले. त्यांना परत पाठवा, अशी मागणी तोवर मागे पडली होती.

या मनःपरिवर्तनाला कोणाचे भाषण कारणीभूत झाले नाही. शेजारच्या यंत्रावर उभा असलेला माणूस वेळेवर येतो, वर्गणी देतो, संपात फुटत नाही, एवढे दिसले आणि पुरले. म्हणून, लोकमत अनुकूल झाल्यावरच निर्णय घेऊ, असे म्हणणाऱ्या राज्यकर्त्यांची भूमिका मला मान्य नाही. जे मत सहवासानेच बदलते ते सहवासाच्या आधी बदलण्याची वाट पाहणे म्हणजे निर्णय टाळणे होय. आणि जे, लोकमताला किंमतच देऊ नये, असे म्हणतात त्यांचीही भूमिका तितकीच असमर्थनीय आहे, कारण परक्याच्या आगमनाचा भार धनिकांच्या हवेलीवर पडत नाही, तो चाळीवर पडतो. युद्धोत्तर पश्चिम जर्मनीने याची जाण ठेवली. पूर्वेकडून हाकलून दिलेले सुमारे ८० लाख जर्मन त्या उद्ध्वस्त देशात येऊन पडले होते, आणि एकाच भाषेचे, एकाच रक्ताचे असूनही खेड्यापाड्यांतून त्यांचा मनःपूर्वक दुस्वास झाला. परंतु १९५२ च्या कायद्याने, ज्यांची मालमत्ता युद्धातून वाचली त्यांच्यावर त्या मालमत्तेच्या निम्म्या मूल्याइतका कर तीस वर्षांच्या हप्त्यांनी बसवला, आणि त्यातून सर्वस्व गमावलेल्यांना भरपाई दिली. भार कोणी उचलावा, हे तेथे कायद्यात लिहिले गेले.

आपल्याकडे याच काळात वळिवड्याच्या बराकी फार दिवस रिकाम्या राहिल्या नाहीत. फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबे त्याच भिंतींत राहावयास आली, आणि पोलिश छावणी होती तेथे आज कापडाच्या घाऊक व्यापारासाठी ख्यातनाम असलेले गांधीनगर उभे आहे. कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत सुमारे एक लाख सिंधी आले आणि १९४९ च्या ऑगस्टमध्ये राजगोपालाचारी यांच्या हस्ते उल्हासनगरची पायाभरणी झाली. या लोकांना परतीची वाट नव्हती हे सर्वांना उमगले होते, आणि कदाचित म्हणूनच त्यांच्या मुक्कामाची मुदत कोणी विचारली नाही. १९७१ मध्ये मात्र पूर्व बंगालमधून सुमारे एक कोटी लोक आले तेव्हा, हे परत जातील, जावयास हवेत, असे सरकारने आरंभापासून निक्षून सांगितले. प्रत्येक पत्रावर पाच पैशांचे निर्वासित मदतीचे तिकीट लावून या देशातील गरिबांनीसुद्धा आपला वाटा उचलला, आणि बांगलादेश स्वतंत्र होताच काही महिन्यांत त्यांतील बहुसंख्य लोक परत गेले. तेथे मुदत खरी ठरली, कारण युद्धाने त्यांना देश मिळवून दिला होता.

त्याआधी आलेल्या बंगाली निर्वासितांची हकीकत निराळी आहे. आजच्या गडचिरोली जिल्ह्यातील चामोर्शी आणि मुलचेरा तालुक्यांत त्यांची गावे १९६० च्या दशकापासून वसली. तेथे भाताची शेते आहेत, दुर्गापूजा होते, आणि नव्या पिढ्या मराठी शाळांतून शिकल्या. ज्या अरण्यात ही वसाहत झाली ते गोंड आणि माडिया आदिवासींचे. लोकमत, लोकमत म्हणून आपण ज्याचा जप करतो त्यात त्यांचे मत घेण्याची कल्पना कोणालाही सुचली नाही. दुसरीकडे या निर्वासितांपैकी नमःशूद्र कुटुंबांना बंगालमध्ये अनुसूचित जातीचा जो दर्जा आहे तो महाराष्ट्रात नाही. ज्यांना राज्याने आपल्या हाताने आणून वसवले, त्यांच्या मुलांनी जातीच्या दाखल्यासाठी कचेरीच्या पायऱ्या झिजवाव्यात आणि ज्यांच्या रानात वसवले त्यांना कोणी विचारू नये, हा दुहेरी अन्याय आहे, आणि तो आपल्या घरातला असल्यामुळे त्याविषयी बोलण्याचे आपले कर्तव्य अधिक आहे.

प्रस्तुत काळात हा प्रश्न पुन्हा पोलंडच्याच दारात उभा आहे, फक्त यजमान कोण आणि आश्रित कोण हे बदलले आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर स्वारी केल्यावर लक्षावधी स्त्रिया आणि मुले पोलंडमध्ये शिरली; लोकांनी स्थानकांवर उभे राहून त्यांना आपल्या घरी नेले, आणि मार्चमधील मतनोंदणीत त्यांना आश्रय देण्याच्या बाजूने शेकडा ९४ लोक होते. २०२४ च्या शरदात हे प्रमाण शेकडा ५३ वर आले होते. ज्या कायद्याखाली युरोपीय संघाने त्यांना ठेवून घेतले आहे त्याचे नावच तात्पुरते संरक्षण असे आहे. ती मुदत आधी एका वर्षाची होती, मग वर्षावर्षाने वाढत गेली, आणि आता ती मार्च २०२७ पर्यंत आहे. प्रत्येक वाढीव मुदतीबरोबर यजमानाला वाटते की आपल्याला फसवले गेले, आणि आश्रिताला वाटते की आपण कोठलेच नाही. ब्रिटनने १९४७ मध्ये केले तसे, राहणाऱ्याला राहण्याचा आणि जाणाऱ्याला जाण्याचा मार्ग कायद्याने स्पष्ट करून, घरे, शाळा आणि कामधंदा यांची तजवीज यजमान प्रजेच्या डोळ्यांदेखत करणे, हे मुदतवाढीपेक्षा कठीण आणि खर्चाचे काम आहे. पण ते मार्च २०२७ च्या आधी हाती घ्यावयास हवे, कारण सहा वर्षांची असताना सरहद्द ओलांडलेली मुले तोवर अकरा वर्षांची झालेली असतील आणि त्यांच्यापैकी अनेकांचे शालेय शिक्षण पोलिश भाषेत झालेले असेल.